सेंट्रल कॉलेजची कसोटी

बंगळूर आणि मराठी माणूस यांचा संबंध सांगावयाचा झाला, म्हणजे आपण बहुधा शहाजीराजांपासून आरंभ करतो. १६३८ नंतर हे शहर त्यांच्या जहागिरीत आले, हे सर्वविश्रुत आहे. परंतु विद्येच्या क्षेत्रातलाही एक ऋणानुबंध या शहराचा पुण्याशी आहे, आणि त्याचे मूळ येथील एका लहानशा सरकारी महाविद्यालयात सापडते. जून महिना आला, की 'हे कॉलेज चांगले कशावरून?' हा प्रश्न आपल्या घराघरांत निघतो. तोच प्रश्न मनात धरून आम्ही सेंट्रल कॉलेजच्या इतिहासाकडे वळलो.

१८५८ साली निघालेल्या सरकारी हायस्कुलातून हे कॉलेज वाढले. १८७५ मध्ये त्याला 'सेंट्रल कॉलेज' हे नाव मिळाले. म्हैसूर संस्थानाला तेव्हा स्वतःचे विद्यापीठ नव्हते. वर्ग बंगळुरात भरत, परीक्षा मात्र मद्रास विद्यापीठाची. हे विद्यापीठ १८५७ मध्ये मुख्यतः परीक्षा घेण्यासाठीच स्थापन झालेले. शिकविणारा एक आणि तपासणारा दुसरा, तोही दूरचा व अनोळखी, अशी ती व्यवस्था होती. आमचा जन्म केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत गेल्यामुळे तिचे मोल आम्हांस विशेष जाणवते. ज्याने खर्च केला त्यानेच हिशेब तपासू नये, हा आमच्या खात्यांतला पहिला धडा!

तथापि बाहेरच्या परीक्षेने दर्जाची खालची मर्यादा तेवढी राखली जाते. तिच्या वर नेण्याचे काम वर्गातल्या शिक्षकाचे. तेव्हाचे प्राचार्य चार्ल्स वॉटर्स हे असे शिक्षक होते. शिकवण्या करून पोट भरणाऱ्या एका हुशार विद्यार्थ्याकडे त्यांचे लक्ष गेले. आपल्या जवळचा वेबस्टरचा शब्दकोश त्यांनी त्याला भेट दिला. हा विद्यार्थी म्हणजे मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. अभियांत्रिकी शिकण्याची सोय तेव्हा म्हैसूर संस्थानात नव्हती. संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले आणि १८८३ मध्ये मुंबई इलाख्याच्या परीक्षेत पहिले आले.

या घटनेकडे आपण एका बुद्धिमान तरुणाचे यश म्हणून पाहतो. आम्हांस ती सेंट्रल कॉलेजचीही परीक्षा वाटते. मद्रासची पदवी, बंगळूरचे शिक्षण, आणि कस लागला तो तिसऱ्याच ठिकाणी, जेथे या कॉलेजची भीड बाळगण्याचे कोणालाही कारण नव्हते. पुढे १८८४ पासून त्यांनी मुंबई इलाख्याची नोकरी केली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसविलेले स्वयंचलित दरवाजे ही त्या काळातली त्यांची प्रसिद्ध कृती.

लहान महाविद्यालयाची अडचण महाराष्ट्रालाही अपरिचित नव्हती. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० मधले, तेही संस्थानी. गोपाळ कृष्ण गोखले यांचे उच्च शिक्षण तेथे सुरू झाले. पण १८८४ ची त्यांची पदवी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून मिळालेली आहे. जेवढे नीट शिकविता येईल तेवढेच शिकवावे आणि पुढच्यासाठी विद्यार्थ्याला मोठ्या ठिकाणी जाऊ द्यावे, यात कमीपणा नसतो. आजच्या काही संस्थाचालकांना हे पटणे कठीण!

१९१६ च्या जुलैत म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले आणि सेंट्रल कॉलेज मद्रासपासून सुटून त्यात आले. संस्थानचे दिवाण तेव्हा विश्वेश्वरय्याच होते. १९१७ मध्ये त्यांनी बंगळुरात अभियांत्रिकी महाविद्यालयही काढले. पुण्याला जाण्याची जी गरज त्यांना स्वतःला पडली होती, ती पुढच्या पिढीला उरली नाही. मात्र आता शिकविणारे आणि पदवी देणारे एकाच घरचे झाले. अशा वेळी परक्याचा धाक संपतो, आणि कसोटी आपण होऊन शोधावी लागते.

सेंट्रल कॉलेजात ती कशी शोधली गेली, याचे एक गमक १९२८ च्या १६ मार्चला दिसते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या नव्या शोधाचे सविस्तर व्याख्यान दक्षिण भारतीय विज्ञान संघापुढे याच कॉलेजात दिले. रामन कलकत्त्याचे प्राध्यापक; या कॉलेजशी ते बांधलेले नव्हते. त्या शोधाला १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. असे व्याख्यान ज्या विद्यार्थ्यांच्या दारी होते, त्यांना भौतिकशास्त्र केवळ पुस्तकात असते असे वाटणार नाही.

१९६४ मध्ये बंगळूर विद्यापीठ निघाले आणि कॉलेज त्याच्याकडे गेले. २०१७ च्या त्रिभाजनानंतर हे आवार बंगळूर सेंट्रल विद्यापीठाचे झाले. दर्जा तपासण्याचे काम आता 'नॅक' करते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेचे मुख्य कार्यालय याच शहरात, नागरभावीला आहे. महाविद्यालयाने स्वतःचा अहवाल द्यावयाचा आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी तो पडताळावयाचा, ही तिची पद्धत जुन्या मद्रासच्या परीक्षेचीच नात म्हणावी. पण २०२५ च्या फेब्रुवारीत चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने एका तपासणी समितीच्या सदस्यांना अटक केली. तेव्हा पालकांनी श्रेणीचे अक्षर वाचून थांबू नये. प्रयोगशाळेची दारे उघडी असतात का, अध्यापकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि येथून बाहेर पडलेली मुले परक्या ठिकाणी कशी टिकतात, हे जाऊन विचारावे. लहान सरकारी महाविद्यालयांच्या बाबतीत तर अवश्य विचारावे, कारण त्यांच्याकडे जाहिरातीला पैसा नसतो. वॉटर्ससारखे कोणी तेथे आजही शिकवीत असेल, तर ते छापील पत्रकातून कळावयाचे नाही.

कॉलेजची जुनी इमारत पाहावयाची इच्छा असल्यास मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने जावे. तेथल्या स्थानकाला सर एम. विश्वेश्वरय्यांचे नाव आहे, आणि त्याच पाटीवर कॉलेजचेही.