दाते, शिल्पी आणि त्यागाची प्रतिमा

प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमालगतच्या सिरोंचा परिसरात मराठी आणि तेलुगू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आल्या आहेत. गोदावरीपलीकडचा वेमुलवाडा-करीमनगर हा प्रदेश दहाव्या शतकात जैन विद्या व कला यांचे एक महत्त्वाचे केंद्र होता. राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेले चालुक्य तेथे राज्य करीत. त्यांपैकी दुसरा अरिकेसरी याच्या दरबारी कन्नड महाकवी पंप होता. राजाने त्यास धर्मपुरी हा अग्रहार दिला. गोदावरीकाठची आजची धर्मपुरी ती हीच, असे अनेक अभ्यासक मानतात.

पंपाने आपल्या राजाला अर्जुनाच्या रूपात गौरविले, हे दरबारी रीतीस धरूनच होते. परंतु त्याच कवीने इ. स. ९४१ मध्ये 'आदिपुराण' रचले. त्यातील बाहुबली भरत चक्रवर्तीस जिंकतो आणि विजयाच्या क्षणीच राज्याचा त्याग करतो. राजाश्रयावर जगणाऱ्या कवीने सत्ताधीशांपुढे सत्तेहून श्रेष्ठ असा आदर्श ठेवला.

पंपाचा बंधू जिनवल्लभ याने करीमनगरजवळील कुर्क्याल येथे, बोम्मलगुट्टा टेकडीच्या खडकावर, चक्रेश्वरी व तीर्थंकरांच्या प्रतिमा कोरविल्या. तेथील लेख संस्कृत, कन्नड व तेलुगू अशा तीन भाषांत आहे. त्यातील तेलुगू पद्ये त्या भाषेतील सर्वांत प्राचीन उपलब्ध पद्यांत गणली जातात. पंडितांच्या संस्कृताबरोबर लोकभाषेलाही शिळेवर स्थान मिळाले, म्हणूनच हा लेख आज तेलुगू समाजाचाही ठेवा ठरला आहे.

त्याच शतकात, सुमारे इ. स. ९८१ मध्ये, गंग राजांचा मंत्री व सेनापती चामुंडराय याने श्रवणबेळगोळ येथे सुमारे ५७ फूट उंचीची गोम्मटेश्वराची मूर्ती उभारविली. युद्धे जिंकणाऱ्या सेनानीने आपली प्रतिमा घडविली नाही. जिंकलेले राज्य सोडणाऱ्या बाहुबलीची घडविली. मूर्तीच्या पायाशी कन्नड व तमिळबरोबर मराठीतही लेख आहे. त्या मराठी ओळीत करविणाऱ्याचे नाव आहे, घडविणाऱ्याचे नाही.

वेमुलवाड्याचे चालुक्य गेले, गंगही गेले. धनिकांच्या द्रव्यावाचून ही शिल्पे झाली नसती. परंतु केवळ द्रव्यामुळे ती टिकली नाहीत. दात्यांनी स्वतःहून थोर अशा मूल्याला शिळेवर स्थान दिले, म्हणून पुढील पिढ्यांनी ती आपली मानून जपली. मात्र अनामिक शिल्पींचे ऋण अद्याप फिटलेले नाही. नव्या मंदिराच्या शिळेवर दात्यांच्या नावांखाली कारागिरांचीही नावे कोरली गेली, तर त्या ऋणाचा काही अंश तरी फेडला जाईल.