थोर खेळाडूला शिकवता येत नाही?

बास्केटबॉलच्या जगात एक समज घट्ट बसला आहे: अव्वल खेळाडू चांगला प्रशिक्षक होत नाही. ज्याला खेळ उपजतच आला, त्याला तो दुसऱ्यापुढे उलगडता येत नाही, असे कारण सांगतात. दाखलेही तयार असतात. मॅजिक जॉन्सनने १९९४ मध्ये लेकर्सचे १६ सामने सांभाळले आणि त्यांतले ११ गमावले. उलट, प्रशिक्षक म्हणून ११ विजेतेपदे मिळवणारा फिल जॅक्सन आणि त्याच तोलाचा पॅट रायली, दोघेही खेळाडू म्हणून राखीव फळीतले.

हा पूर्वपक्ष हिशेबातच चुकतो. प्रत्येक पिढीत थोर खेळाडू मूठभर असतात, राखीव मात्र शेकड्यांनी. मग यशस्वी प्रशिक्षकांत राखीव जास्त भरणारच. खरा प्रश्न असा, की जे मूठभर थोर या कामात उतरले त्यांचे काय झाले? १९५६ ते १९६१ या काळातला बॉस्टन सेल्टिक्सचा संघ पाहा. बिल रसेल, बिल शर्मन आणि टॉम हाइनसन तेव्हा एकत्र खेळत होते, आणि हे तिघेही पुढे खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी हॉल ऑफ फेममध्ये गेले.

रसेलवर आक्षेप येईल. प्रशिक्षक म्हणून त्याने १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदे मिळवली, तेव्हा मैदानात खेळणारा रसेलही होताच. पुढे सॅक्रामेंटोत तो अपयशी ठरला. आक्षेप रास्त आहे. म्हणून माझी भिस्त शर्मनवर.

शर्मन सात हंगाम फ्री थ्रोमध्ये लीगमध्ये पहिला होता. त्यामागे काटेकोर सवयी होत्या. सामन्याच्या दिवशी सकाळीच तो नेमबाजीचा सराव करून येई. त्याने मनावरचा ताण उतरतो, हे त्याला अनुभवाने कळले होते. १९७१ मध्ये लेकर्सचा प्रशिक्षक झाल्यावर हीच सवय त्याने अख्ख्या संघाला लावली. संघातल्या विल्ट चेंबरलेनला सकाळी लवकर उठणे नको असे. त्यालाही शर्मनने राजी केले. त्या हंगामात लेकर्सने सलग ३३ सामने जिंकले. हा विक्रम अजून अबाधित आहे. ८२ पैकी ६९ विजय, आणि लॉस एंजेलिसला आल्यानंतरचे पहिले विजेतेपद. शर्मनचा हा सकाळचा सराव पुढे ‘शूटअराउंड’ म्हणून साऱ्या लीगने उचलला. स्वतःची सवय दुसऱ्याच्या अंगी उतरवणे म्हणजे शिकवणे नव्हे, तर दुसरे काय?

मग फरक पडतो कशाने? माझ्या मते, खेळाडू कोणत्या तालमीत घडला याने. प्रशिक्षक रेड आउअरबाखच्या बॉस्टनमध्ये मूळ डाव सातच असत. प्रसंग पाहून त्यांतले पर्याय खेळाडूंनीच निवडायचे. तिथे विचार केल्याविना कोणाचा निभाव लागत नसे, तारांकिताचा नाही आणि राखीवाचाही नाही. १९५८ मध्ये याच संघात राखीव म्हणून आलेल्या के. सी. जोन्सने पुढे प्रशिक्षक म्हणून १९८४ आणि १९८६ मध्ये बॉस्टनलाच विजेतेपदे मिळवून दिली.