पेशवे दफ्तर आणि सूचीचा अधिकार

सरकारच्या ताब्यांतील कागद पाहण्याचा प्रजेस अधिकार असावा कीं नाहीं, हा वाद अलीकडचा समजला जातो. वस्तुतः पुण्याचें पेशवे दफ्तर हें त्याचें जुनें व बोधप्रद उदाहरण आहे.

इ. स. १८१८ त पेशवाई बुडाली व हें दफ्तर इंग्रजांच्या हातीं गेलें. त्यांनीं तें राखिलें तें इतिहासाकरितां नव्हे, महसुलाकरितां. कोणतें इनाम कोणाचें व कोणत्या सनदेनें, याचा पुरावा त्यांत होता. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हां इनामदारांचे हक्क याच दफ्तराशीं ताडून पाहण्यांत आले. म्हणजे पुरावा सरकारजवळ, वाचणार सरकार, आणि निवाडाहि सरकारचाच. सबब या गुप्ततेचें मूळ राजकारणापेक्षां जमाबंदींत अधिक होतें, असें आमचें मत आहे.

पुढें कै. गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजकीर्दींतून उतारे निवडले. न्या. रानडे यांनीं त्यांवर १९०० सालीं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढें निबंध वाचला. परंतु उतारे बाहेर येणें निराळें आणि दफ्तर खुलें होणें निराळें. राजवाडे यांनीं १८९८ पासून साधनांचे जे खंड काढिले, ते मुख्यतः खाजगी घराण्यांतील कागदांच्या बळावर. १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसाई यांनीं दफ्तरांतील वेंच्यांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. हे त्यांचे मोठेच उपकार होत. तथापि तीहि निवडच. निवडणारा कितीहि प्रामाणिक असला, तरी काय वगळलें तें वाचकास कळत नाहीं.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें रीत पालटली. देणें हा नियम व नाकारणें हा अपवाद झाला. वीस वर्षांपूर्वींच्या गोष्टींस तर बहुतेक अपवादहि लागत नाहींत. तरी कोणती माहिती हवी तें अर्जदारानेंच सांगावयाचें असतें. ज्या रुमालांत काय आहे हेंच ठाऊक नाहीं, त्यांतील कागद मागावा कसा? म्हणून त्या कायद्याचें चौथें कलम आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. प्रत्येक सार्वजनिक कचेरीनें आपल्या दफ्तराची वर्गवारी व सूची ठेविली पाहिजे, असें तें सांगतें. मोडी वाचणारे थोडे उरले असतां बिनसूचीचा रुमाल कुलुपावांचूनहि बंदच राहतो.

आतां आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति. हा कायदा खाजगी कपाटांस लागू नाहीं. परंतु जो दोष आपण सरकारास देतों, तो आपल्या माळ्यावर नांदूं देणें शोभत नाहीं. मूळ कागद हातावेगळा करवत नसेल तर न करावा. मिति, लिहिणार, ज्यास लिहिलें तो व विषयाची एक ओळ, एवढी यादी तरी प्रसिद्ध करावी. ज्याची यादी झाली तो कागद हरवला तरी त्याचा शोध घेतां येतो. यादीवांचून जो जातो, तो होता हेंहि कोणास कळत नाहीं.