बारा अणूंचा चुंबक

डोंबिवलीत उभं राहून रसायनशास्त्रावर बोलायचं म्हणजे आम्हाला जरा अवघडच वाटतं. 'केमिकल' म्हटलं की इथे आधी एमआयडीसी आठवते. २०१४ चा हिरवा पाऊस आठवतो, २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता आठवतो, आणि २६ मे २०१६ व २३ मे २०२४ चे स्फोट तर विसरताच येत नाहीत. ते विसरायला सांगायला आम्ही आलेलो नाही. याच शास्त्रातली एक शांत गोष्ट आज सांगायची आहे. ती पोलंडमध्ये सुरू होते आणि फिरत फिरत आपल्या पवईपर्यंत येते.

विहिरीत टाकायचं जांभळं पोटॅश, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, आपल्याकडच्या जुन्या मंडळींना चांगलं माहीत आहे. त्यात मँगनीज असतं. १९८० मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफ इथल्या तादेउश लिस यांनी पाणी मिसळलेल्या अ‍ॅसिटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लात, मँगनीज अ‍ॅसिटेट विरघळवलं. त्यात हे परमँगनेट घातलं, थोडं गरम केलं आणि भांडं दोन-तीन दिवस तसंच ठेवून दिलं. तळाशी काळे स्फटिक आले. त्यांची रचना काढली तर एकेका रेणूत मँगनीजचे १२ अणू निघाले. आत ४, त्यांच्याभोवती ८, मध्ये ऑक्सिजनचे पूल आणि बाहेरून अ‍ॅसिटेटचं कवच.

आता थोडा हिशेब करू. बाहेरच्या ८ अणूंत प्रत्येकी ४ एकटे, म्हणजे जोडी नसलेले, इलेक्ट्रॉन असतात. आतल्या ४ अणूंत प्रत्येकी ३. बाहेरचे सगळे एका दिशेला तोंड करतात आणि आतले उलट दिशेला. ३२ वजा १२, उरले २०. ही शिल्लक हाच त्या रेणूचा चुंबक.

पण ही शिल्लक कळायला अकरा वर्षं लागली. १९९१ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कानेस्की, गात्तेस्की आणि सेस्सोली यांनी मोजमाप करून ती दाखवली. १९९३ मध्ये त्याहून मोठी गोष्ट कळली. २ केल्विनला, म्हणजे उणे २७१ अंशांला, हा पदार्थ एकदा चुंबकित केला की त्याची चुंबकता विरायला सुमारे दोन महिने लागतात. लोहचुंबकात असंख्य अणू एकमेकांना धरून असतात. इथे मात्र एकेक रेणू स्वतंत्रपणे दिशा लक्षात ठेवत होता. एका रेणूत एक नोंद साठवता येईल, ही आशा इथून सुरू झाली.

ही आठवण टिकते कशी? कसारा घाट डोळ्यांपुढे आणा. घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. चुंबकाची दिशा उलटायची तर रेणूलाही ऊर्जेचा असाच घाट ओलांडावा लागतो, आणि तिथे बँकरचं काम उष्णता करते. थंडी वाढवली की बँकर मिळत नाही, गाडी अलीकडेच थांबते. १९९६ मध्ये आणखी एक गंमत दिसली. काही ठरावीक चुंबकीय क्षेत्रांना ही गाडी घाट न चढताच पलीकडे जाते, जशी कळव्यापुढे पारसिकच्या बोगद्यातून जाते. क्वांटम भौतिकीतला हा बोगदा शास्त्रज्ञांना इथे प्रयोगात स्पष्ट दिसला.

मग साहजिकच वाटलं, रेणू मोठा केला की आठवण वाढेल. २००४ मध्ये अमेरिकेत ख्रिस्तू यांच्या गटाने ८४ मँगनीजचं कडं बनवलं, सुमारे ४ नॅनोमीटर व्यासाचं. शिल्लक निघाली १२ इलेक्ट्रॉनांची, बारा अणूंच्या रेणूपेक्षा कमी. चुंबकाची आठवण दिसली ती दीड केल्विनच्याही खाली. २००६ मध्ये जर्मनीत १९ मँगनीजच्या रेणूत ८३ इलेक्ट्रॉन एका दिशेला आले. तो तेव्हाचा विक्रम होता. पण त्या रेणूला आवडीची अशी दिशाच नव्हती, म्हणजे घाट जवळजवळ सपाट. पुढे त्याच्या मधोमधचा एक मँगनीज काढून तिथे डिस्प्रोसियमचा अणू बसवला, आणि रेणूला आठवण आली. आमच्या मते या इतिहासातला धडा इथे आहे. अणू किती जमवले यापेक्षा कोणता अणू कुठे बसवला आणि त्याच्या शेजारी कोण आहे, याला जास्त महत्त्व आहे.

जपानमध्ये इशिकावा यांनी २००३ मध्येच टर्बियमच्या एकाच अणूवर हे दाखवलं होतं. आणि २०१६ मध्ये, आपण ज्या वर्षाला स्फोटाचं वर्ष म्हणतो त्याच वर्षी, आयआयटी मुंबईतल्या रामस्वामी मुरुगवेल आणि गोपालन राजारामन यांच्या गटांनी डिस्प्रोसियमचा एक रेणू जगापुढे ठेवला. डिस्प्रोसियमचा इलेक्ट्रॉन-ढग भाकरीसारखा चपटा. वर आणि खाली घट्ट धरणारे दोन गट, कमरेभोवती पाण्याचे पाच रेणू. ढग आडवा पक्का बसला की चुंबकाची दिशा उभी पक्की होते. बारा मँगनीजचा घाट साधारण ६५ केल्विनचा, याचा ७३५ चा. आठवण १२ केल्विनपर्यंत. शिवाय हा रेणू हवेत टिकतो. या क्षेत्रातले पुढचे विक्रमी रेणू हवा लागली की खराब होतात, म्हणून याचं महत्त्व वेगळं.

२०१८ मध्ये दुसऱ्या एका डिस्प्रोसियम रेणूने ८० केल्विन गाठलं. आकडा छोटा वाटेल, पण ७७ केल्विनला नायट्रोजनचा द्रव उकळतो. त्याखालच्या थंडीसाठी महागडं हेलियम लागतं. द्रव नायट्रोजन मात्र मुरबाड-शहापूरकडे गुरांच्या दवाखान्यातही कॅनमध्ये असतो. गुरांच्या कृत्रिम रेतनाच्या मात्रा त्यातच ठेवतात. हवेत टिकणारा आणि त्या कॅनमध्येही आठवण ठेवणारा, असे दोन्ही गुण एकाच रेणूत आणणं हे काम बाकी आहे.

इथे बीएस्सी करणारी मुलं बसली आहेत. कुणी एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला जाईल, कुणी कांजूरमार्गला उतरून पवईची वाट धरेल. दोघांनाही आम्ही एकच सांगू. ते काळे स्फटिक अकरा वर्षं जगापुढे होते. नवीन काही बनवायची गरज नव्हती, ते थंड करून नीट मोजायची होती. आपल्या बाटलीत काय आहे हे नीट मोजण्याची सवय पवईत शोध लावते आणि एमआयडीसीत माणसं वाचवते.

आता प्रश्न घेऊ.