सयाजीराव नावाचा घोडा

आमच्या जाम चौरस्त्यावर चहाला थांबलं की शंकरपटाचा विषय हमखास निघतो. कुठली जोडी कशी पळाली, केवढ्याला विकली गेली. गंमत म्हणजे पट किती सेकंदांत मारला ते कुणाला नीट आठवत नाही, किंमत मात्र सगळ्यांना तोंडपाठ! ते ऐकलं की मला सयाजीराव आठवतो. महाराज नव्हे हो, घोडा.

बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडात वर्षभराचं एक शिंगरू विकत घेतलं, २८,००० गिनींना. एवढ्याशा शिंगराला तिकडे तोवर इतकी किंमत कधी आली नव्हती. का, तर बाप निअरको चौदा शर्यतींत एकदाही न हरलेला, आणि सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी डर्बी जिंकलेला. म्हणजे एक पाऊल न धावता हा प्रसिद्ध! त्यात नाव दिलं आजोबांचं.

यशाचं तसं नसतं. १९४७ ची टू थाउजंड गिनीज एक मैलाची, तिथे तिसरा. डर्बी दीड मैलाची, तिथेही तिसरा. पण त्याची जात दमाची होती. अंतर वाढलं की इतर थकत, हा पळतच राही. ट्रेनर सॅम आर्मस्ट्राँग, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट (१९४३ ची पहिली इंडियन डर्बी गायकवाडांच्याच प्रिन्सेस ब्युटिफुलवर जिंकणारा). आधी आयरिश डर्बी मारली आणि सप्टेंबरात पावणेदोन मैलांहून लांब असलेली सेंट लेजर. तीही फ्रान्सच्या आर्बारला जेमतेम डोक्याच्या अंतराने मागे टाकून.

स्वातंत्र्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता.

हे वाचताना मला अभिमान वाटतो आणि लगेच खटकतंही. ज्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१३ मध्ये बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं, त्यांच्याच नातवावर पुढे तिजोरीतल्या पैशांवरून ठपका आला. १९५१ मध्ये तर भारत सरकारने त्यांना पदावरूनच दूर केलं. सगळा दोष घोड्यांवर घालता येणार नाही, पण २८,००० गिनींत किती शाळा झाल्या असत्या हा हिशेब मनातून जात नाही. असो, त्यात घोड्याचा काय गुन्हा?

तो मात्र नंतरही नाव राखून राहिला. त्याची मुलगी ग्लॅडनेस १९५८ चा अ‍ॅस्कॉट गोल्ड कप जिंकली, मुलगा इंडियाना १९६४ ची सेंट लेजर. दोन्ही शर्यती लांब पल्ल्याच्याच.