गिटारची इफेक्ट पेडल्स : मंचावर किती हवीत?

इलेक्ट्रिक गिटार हे एकट्याने वाजणारे वाद्य नव्हे. तारेचे कंपन पिकअपमध्ये विद्युतसंकेताचे रूप घेते आणि तो संकेत अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचला, तरच श्रोत्यांच्या कानी स्वर पडतो. या वाटेवर स्वराचा पोत बदलण्यासाठी जी उपकरणे बसवली जातात, त्यांना इफेक्ट्स म्हणतात. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असल्याने ती पायाने चालवावी लागतात, म्हणून 'पेडल' हे नाव रूढ झाले. कार्यक्रमासाठी अशी दोन-तीन पेडल्स पुरेत की दहा-बारांचा ताफा हवा, हा प्रश्न प्रत्येक वादकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. वरकरणी तो हौसेचा आणि पैशांचा वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्यावर भर कार्यक्रमात गिटार मुकी होणार की नाही, हे अवलंबून असते.

दोन परंपरा

स्वर फाटल्यासारखा करणारे 'माएस्ट्रो' कंपनीचे 'फझ-टोन' १९६२ मध्ये बाजारात आले. 'रोलिंग स्टोन्स'च्या १९६५ मधील 'सॅटिस्फॅक्शन' या गीतात कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरले आणि हा आवाज जगभर पोहोचला. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात जिमी हेंड्रिक्स यांच्या पायाशी वाह-वाह, फझ फेस आणि युनि-व्हाइब अशी मोजकीच उपकरणे होती. 'एसी/डीसी'चे अँगस यंग यांनी तर पेडल्सचा आधार जवळजवळ घेतलाच नाही. गिब्सन एसजी गिटार आणि मार्शल अ‍ॅम्प्लिफायर एवढ्यावरच त्यांचा स्वर उभा आहे.

दुसऱ्या टोकाला 'यू टू'चे द एज आहेत. त्यांच्या वादनात डिले, म्हणजे प्रतिध्वनी, हा रचनेचाच भाग असतो. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके असेल, तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा होतो आणि पाऊण ठोक्यावर प्रतिध्वनी हवा असल्यास डिले ३७५ मिलिसेकंदांवर लावावा लागतो. लय १२६ झाली की तोच आकडा ३५७ वर येतो. प्रत्येक गाण्याला वेगळे मोजमाप हवे असल्याने त्यांची यंत्रणा विस्तृत झाली. मात्र ती सांभाळण्यासाठी तंत्रज्ञही सोबत असतात, हे विसरून चालणार नाही.

जोडण्यांचे गणित

पेडल्स एका ओळीत, एकापुढे एक जोडली जातात. तीन पेडल्सना चार केबल आणि आठ जॅक लागतात. बारा पेडल्सना तेरा केबल आणि सव्वीस जॅक. यातला एकही जॅक सैल झाला की संपूर्ण वाट बंद पडते. तीन पेडल्समधला दोष अर्ध्या मिनिटात सापडू शकतो. बारांमध्ये तो शोधेपर्यंत गाणे संपलेले असते.

दुसरा परिणाम स्वरावर होतो. लांब केबलच्या विद्युत गुणधर्मामुळे गिटारच्या आवाजातील तीक्ष्ण, वरच्या पट्टीचा भाग हळूहळू विरत जातो. पेडल बंद असताना संकेत जसाच्या तसा पुढे सोडणाऱ्या 'ट्रू बायपास' रचनेत पेडलची भेसळ टळते, पण सगळ्या केबलची लांबी एकत्र मोजली जाते. अशा वेळी संकेताला बळ देणारा 'बफर' उपयोगी पडतो. 'बॉस'च्या बहुतेक छोट्या पेडल्समध्ये तो असतोच. अपवाद जुन्या धाटणीच्या फझ पेडलचा. त्याला गिटार थेट जोडलेली मानवते, म्हणून ते सर्वांत आधी ठेवतात.

तिसरी बाब वीजपुरवठ्याची. बहुतेक पेडल्स ९ व्होल्टवर चालतात. एकाच अ‍ॅडाप्टरला फाटे फोडून सर्वांना वीज दिली, तर डिजिटल पेडलची किरकिर इतरांतून ऐकू येऊ शकते. म्हणून मोठ्या ताफ्याला प्रत्येक पेडलसाठी स्वतंत्र, विलग पुरवठा देणारे उपकरण घ्यावे लागते.

एका पेटीतील पर्याय

पेडल्स वाढली की वादकाच्या पायांचीही कसरत होते. कडव्यानंतर तीन पेडल्स बंद करून दोन सुरू करायची असतील, तर ठोका चुकण्याची भीती असते. एका कळीवर अनेक पेडल्स बदलणारे 'लूप स्विचर' यावर उपाय ठरतात. दुसरा उपाय म्हणजे सर्व इफेक्ट्स एकाच पेटीत देणारे मल्टी-इफेक्ट उपकरण. 'लाइन सिक्स'च्या १९९८ मधील 'पॉड'ने अ‍ॅम्प्लिफायरची डिजिटल नक्कल घरोघरी नेली. पुढे २००६ मध्ये 'अ‍ॅक्स-एफएक्स', २०११ मध्ये 'केम्पर' आणि २०१५ मध्ये 'हेलिक्स' यांनी ती व्यावसायिक मंचावर रुजवली. येथे जॅकची संख्या घटते, परंतु सारी भिस्त एकाच यंत्रावर राहते. शिवाय घरी हेडफोनवर भारदस्त वाटलेला रिव्हर्ब मंचावर ड्रम आणि बासच्या गजरात नुसता चिखल करतो. म्हणून आवाजाची जुळणी सर्व साथीदारांसह, कार्यक्रमाइतक्याच आवाजात करून पाहणे आवश्यक ठरते.

निवड कशी करावी?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्या दिवशीच्या गाण्यांची यादी करून प्रत्येकापुढे लागणारा इफेक्ट लिहिणे. एखादे पेडल संपूर्ण यादीत एकदाच येत असेल, तर ते घरी ठेवले तरी श्रोत्यांना उणीव जाणवत नाही. ब्लूज किंवा रॉक वाजवणाऱ्यांना ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह आणि डिले एवढ्यावर कार्यक्रम सहज निभावता येतो. गिटारचा व्हॉल्यूम कमी-जास्त करून आणि तार हलकी वा जोरकस छेडूनही स्वराच्या अनेक छटा मिळतात. महाविद्यालयीन महोत्सवात एकाच मंचावर अनेक बँड ओळीने येतात आणि मांडणीला मोजकी मिनिटे मिळतात. तेथे अशी आटोपशीर मांडणी अधिक भरवशाची. याउलट चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदात सत्तरच्या दशकातील गाण्यामागून नव्या शतकातील गाणे येते आणि प्रत्येकाचा आवाज निराळा असतो. तेथे आधी साठवून ठेवलेले आवाज देणारे मल्टी-इफेक्टच सोयीचे.

मांडणी कोणतीही असो, एक लांब, पारखलेली केबल हाताशी असलीच पाहिजे. आवाज गेला की दोष शोधत न बसता गिटार थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची. मल्टी-इफेक्ट थेट ध्वनियंत्रणेला जोडलेले असेल, तर पर्यायी वाट ध्वनिसंयोजकाशी आधीच ठरवून ठेवायची. त्या कोऱ्या स्वरावर गाणे पूर्ण करता येईल इतका सराव असेल, तर वादकाने हवी तेवढी पेडल्स खुशाल वापरावीत. तो नसेल, तर पेडल्स वाढवण्याची घाई करू नये.