पंचगंगेचा काठ: कुंचला, कॅमेरा आणि नाव

कोल्हापुरात नदीकाठी चित्रासाठी जाण्याची रीत जुनी आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आबालाल रहिमान शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार होते, पण त्यांचे मन रमले ते कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेच्या काठी. १९३१ मध्ये ते गेले. जागेवर बसून पाणी आणि उजेड रंगवण्याचा त्यांचा वारसा शहरातल्या चित्रकारांनी जपला. कलाशाळांचे विद्यार्थी आजही निसर्गचित्रणासाठी घाटावर बसतात.

चलच्चित्राचा कॅमेराही इथे रंगाच्या हातांनीच घडवला. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी त्याची खटपट सुरू केली. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी काम सोडले नाही. १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. हौशी छायाचित्रकार आज घाटावर दीपमाळ, दगडी पायऱ्या आणि समाधिमंदिरे यांची चौकट जुळवतात, त्यामागे चित्रकारांनीच घडवलेली ही नजर आहे.

त्या चौकटीतून नाव मात्र हळूहळू गेली. १८७० च्या दशकात बांधलेल्या शिवाजी पुलाने पन्हाळ्याकडची वाट बारमाही केली. त्याहून मोठा फरक कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी पडला. दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवले की पाणी अडते, आणि वरून माणसांची ये-जा होते. म्हणजे जो बंधारा शेताला पाणी देतो, तोच उन्हाळ्या-हिवाळ्यात नावाड्याचे काम काढून घेतो. पावसाळ्यात बंधारे पाण्याखाली गेले की नाव पुन्हा लागे. ती नसेल तिथे गुळाची काहील पाण्यात सोडून लोक नदी पार करत. उसाच्या मुलखाखेरीज असे वाहन क्वचितच सुचले असते, आणि त्याची छायाचित्रे या जिल्ह्याच्या इतिहासाचा अस्सल ऐवज आहेत.

होड्या पाहायच्या तर नृसिंहवाडी गाठावी. तिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, पलीकडे कुरुंदवाड दिसते आणि भाविक होडीने संगमावर जातात. कोल्हापूरच्या घाटावर छायाचित्रकारांची खरी गर्दी होते ती त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे, हजारो पणत्या लागतात तेव्हा.

महापुरात याच छंदाला नोंदीचे मोल येते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. रोजच्या चौकटीतली देवळे तेव्हा बुडाली. तारीख नसलेल्या जुन्या छायाचित्रातही देवळाचा किती भाग उघडा आहे, यावरून त्या वेळच्या पाण्याची उंची अजमावता येते.